खोडकर, खट्याळ की खोडसाळ? प्रगतिपुस्तकातल्या एका शब्दाविषयी

नमस्कार ताई. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना ते कळेल. तुमचा मुलगा मुलुंडच्या मराठी शाळेत दुसरीत आहे. प्रगतिपुस्तकात बाईंनी लिहिलंय, "हुशार आहे, पण खोडकर आहे." सासूबाई म्हणतात हे कौतुक आहे, यजमान म्हणतात ही तक्रार आहे. तुमचं माहेर कानपूरचं, मराठी लग्नानंतर शिकलात, त्यामुळे खोडकर म्हणजे हिंदीतला शरारती, एवढंच तुम्हाला ठाऊक. त्यात ऑफिसात साहेबांनी काही गंमत केली आणि तुम्ही कौतुकानं "सर, तुम्ही फार चावट आहात" म्हणालात, तर सगळे एकदम गप्प झाले. म्हणून खोडकर, खट्याळ, वात्रट, मस्तीखोर, चावट, खोडसाळ यांतला कुठला शब्द कुठे वापरायचा, आणि घरी मुलाला काय म्हणायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी परळच्या एका मराठी शाळेत बरीच वर्षं प्राथमिकला शिकवलं. प्रगतिपुस्तकातल्या असल्या नोंदी लिहिणं हे माझं दरवर्षीचं काम होतं. आता संध्याकाळी मोठ्या माणसांना बोलायची मराठी शिकवते आणि त्यांत तुमच्यासारखे हिंदी घरांतून आलेले बरेच जण असतात. कोशात बघितलंत तर या सगळ्या शब्दांपुढे थोड्याफार फरकानं एकच अर्थ सापडेल आणि तुमची अडचण तिथेच राहील. मराठी माणूस यांतला शब्द निवडतो तो तीन गोष्टी बघून: खोडी कोणी काढली, कोणाची काढली, आणि त्यात समोरच्याचं काय गेलं. यातली एक गोष्ट बदलली की शब्द बदलतो. म्हणून "अमुक शब्द चांगला, तमुक वाईट" असं सरसकट उत्तर मला देता येणार नाही. बाईंचा स्वभाव, तुमच्या मुलाचं वर्गातलं वागणं, यावरही काही अवलंबून आहे. पण बराचसा उलगडा शब्दांतूनच होतो.

आधी खोडी म्हणजे काय ते बघू. माझ्या दुसरीच्या वर्गातला एक मुलगा. त्याच्या पुढच्या बाकावर बसणाऱ्या दोघींचे डबे अगदी सारखे, स्टीलचे, गोल झाकणाचे. एकीला घरून रोज भेंडीची भाजी-पोळी यायची, दुसरीच्या डब्यात थालीपीठ नाहीतर बटाट्याचे काप. यानं सकाळी प्रार्थनेच्या गडबडीत दप्तरांतले डबे अदलाबदल केले आणि मधल्या सुट्टीपर्यंत शहाण्यासारखा बसून राहिला. सुट्टी झाली, डबे उघडले. भेंडीवाली थालिपिठाकडे बघतच राहिली. हा पोळीचा घास हातात तसाच धरून, ओठ घट्ट मिटून दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघतोय. मग ती ओरडली, "बाई, यानं खोडी काढली!" पण ओरडेपर्यंत थालिपिठाचा तुकडा तिच्या तोंडात गेला होता.

खोडीला जे जे लागतं ते सगळं यात आलं. आधी ठरवून केलेली योजना, ती तडीस जाईपर्यंतचा दम, एक ठरलेलं गिऱ्हाईक, आणि त्याची फजिती बघायला स्वतः हजर राहणं. शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. खोडी काढणाऱ्याला समोरच्याचा चेहरा बघायचा असतो, त्यासाठीच तर सगळा खटाटोप. त्यानं डबा लपवून एखादीला उपाशी ठेवलं असतं तर मी त्याला खोडी म्हटलं नसतं, तो छळ झाला असता. इथे दोघींचं काहीच गेलं नाही. भेंडीवालीचा तर फायदाच झाला.

मस्ती वेगळी. बाकावरून उड्या मारणं, जिन्याच्या कठड्यावरून घसरत खाली येणं, दप्तर गरगर फिरवणं ही मस्ती. ती एकट्यानं करता येते. तिच्यात डोकं कमी आणि अंगातली रग जास्त. खोडीला समोरचा लागतोच, आणि डोकंही लागतं. म्हणून तुमच्या बाईंनी "हुशार" आणि "खोडकर" एकाच वाक्यात लिहिलं याचं मला अजिबात नवल वाटत नाही. मस्तीला "खोर" लागलं की मात्र ती जड होते. हा फारसीतून आलेला प्रत्यय, मुळात "खाणारा" या अर्थाचा. भांडखोर, चुगलखोर, लाचखोर ही त्याची बाकीची भावंडं बघितलीत तर मस्तीखोर म्हटल्यावर पालकांच्या कपाळाला आठी का पडते ते कळेल. आणि "मस्ती आलीय का?" हा प्रश्न कोणी मोठ्यानं विचारला तर त्याला उत्तर द्यायचं नसतं, तो सरळ दम असतो.

आता क्रियापदाकडे लक्ष द्या, कारण माझे विद्यार्थी हमखास इथे घसरतात. "तो खोड्या करतो" हे मुलाचं सर्वसाधारण वर्णन, त्यात राग नाही. "कोणीतरी खोडी केली आणि जिन्यातला दिवा बंद केला" ही एकदा घडलेली गोष्ट, तीही हलकीच. पण "त्यानं माझी खोडी काढली" म्हटलं की "माझी" आली, म्हणजे मला मुद्दाम डिवचलं. वर्गात दोन मुलं हमरीतुमरीवर आली की कुठलीही बाई पहिला प्रश्न हाच विचारते, "आधी खोडी कोणी काढली?" उत्तर मिळालं की निम्मा निकाल लागतो. मोठ्या माणसांत खोडी काढणं हे जवळजवळ कुरापत काढण्याइतकं होतं, आणि कुरापत हा शब्द वर्तमानपत्रं सीमेवरच्या शत्रूसाठी वापरतात. तेव्हा ऑफिसात "तुम्ही माझी खोडी काढताय" असं हसत म्हणालात तरी ऐकणारा क्षणभर सावध होईल.

आणखी एक गोंधळ लिंगाचा. "ती खोड" म्हणजे जडलेली वाईट सवय, तिचं अनेकवचन खोडी. "ते खोड" झाडाचं. आणि "ती खोडी" म्हणजे आपली गंमत, तिचं अनेकवचन खोड्या. नखं खाण्याची खोड असते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ती हीच. कोणाची खोड मोडली म्हणजे त्याला चांगली अद्दल घडवली. बाईंनी "याला खोड्या काढण्याची खोडच आहे" असं लिहिलं असतं तर मी तुम्हाला उद्याच शाळेत जायला सांगितलं असतं.

एकाच घरातून निघून अगदी उलट दिशेला गेलेला शब्द म्हणजे खोडसाळ. जुन्या माणसांच्या तोंडी तो पोरांसाठीही ऐकू येतो, पण आजच्या मराठीत त्याला विषारी धार आली आहे. रेल्वे स्थानकात बॉम्ब ठेवल्याचा निनावी फोन येतो, तपासाअंती काही निघत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं की हा कोणाचा तरी खोडसाळपणा होता. पुढारी म्हणतात, "माझ्या वाक्याचा खोडसाळपणे विपर्यास केला." अफवा खोडसाळ असते, प्रचार खोडसाळ असतो. खोडकराला तुमचा चेहरा बघायचा असतो. खोडसाळ माणूस तोंड लपवतो आणि त्याला नुकसानच करायचं असतं. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. शेजारणीच्या मुलाला लाडानं खोडसाळ म्हणालात तर ती पुन्हा दारात उभी राहायची नाही.

तुम्ही इंग्रजी कागदपत्रांचं काम करता असं लिहिलंय, म्हणून जाता जाता हेही सांगते. कायद्यातल्या "मिस्चिफ"चं भाषांतर खोडी असं कधी करू नका. भारतीय दंड संहितेच्या ४२५व्या कलमात हा गुन्हा होता आणि त्याचा मराठी शब्द आहे आगळीक. दुसऱ्याचं नुकसान व्हावं या इराद्यानं, किंवा ते होईल हे माहीत असूनही, मालमत्तेची नासधूस करणं असा त्याचा अर्थ. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तोच गुन्हा ३२४व्या कलमात आहे. तिथे हसण्यासारखं काही नाही.

आता प्रगतिपुस्तक. महाराष्ट्रात २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हापासून आम्हाला श्रेणीबरोबर वर्णनात्मक नोंदी लिहाव्या लागतात. शाळेशाळेत छपाई थोडी बदलते, पण साधारण तीन रकाने असतात: विशेष प्रगती, आवड किंवा छंद, आणि सुधारणा आवश्यक. तुमच्या बाईंचं वाक्य यांतल्या कुठल्या रकान्यात आहे ते आधी बघा. विशेष प्रगतीत असेल तर सासूबाई जिंकल्या. सुधारणा आवश्यकमध्ये असेल तर बाईंना तुमच्याकडून काहीतरी हवंय.

आणखी एक आतली गोष्ट. नोंद सकारात्मक भाषेत लिहा, मूल खचेल असं काही लिहू नका, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलेलं असतं. त्यामुळे ज्या मुलाची खरोखर चिंता वाटते त्याच्याबद्दल बाई असा चटपटीत शब्द वापरत नाहीत. तिथे भाषा कोरडी होते. "वर्तनात सुधारणा अपेक्षित." "इतरांशी मिळून मिसळून वागणे आवश्यक." आणि बहुतेक वेळा तेही न लिहिता पालकांना समोर बोलावून सांगतात. जिच्या लेखणीतून खोडकर हा शब्द उतरला ती बाई लिहिताना थोडी तरी हसली असणार.

पण त्या वाक्यात "पण" आहे, आणि मराठीत वजन पणच्या पुढे पडतं. "खोडकर आहे, पण हुशार आहे" असं असतं तर बाईंनी त्याला माफ करून टाकलं असं मी म्हटलं असतं. "हुशार आहे, पण खोडकर आहे" म्हणजे हुशारी जरा अभ्यासाकडे वळली तर बरं होईल. शब्दापुरतं बघाल तर सासूबाईंचं बरोबर, वाक्यापुरतं बघाल तर यजमानांचं.

सासूबाईंना हे कौतुक वाटण्यामागे आपल्याकडची एक जुनी रीतही आहे. गवळणींमध्ये गोपी यशोदेकडे कान्ह्याचं गाऱ्हाणं घेऊन येतात. यानं माझा माठ फोडला, शिंक्यावरचं लोणी पळवलं, यमुनेच्या वाटेवर मला अडवलं. सगळी तक्रारच. पण ती सांगताना त्यांच्या तोंडून त्याचं रूपच जास्त सांगितलं जातं, आणि ऐकणारा समजून जातो की कान्हा एक दिवस घरात शिरला नाही तर यांनाच करमणार नाही. जन्माष्टमीच्या दुसऱ्या दिवशी गिरगाव, लालबाग, दादर, ठाण्यात जे थर लागतात ते याच खोडीच्या आठवणीत. ज्या भाषेत देवाच्या खोड्या इतक्या लाडानं गायल्या गेल्या तिथे आजीला नातवाचं खोडकर असणं दोष वाटणं कठीणच आहे.

बाईंना भेटाल तेव्हा "माझा मुलगा वाईट वागतो का?" असं विचारू नका, त्या संकोचून "नाही हो, चांगला आहे" म्हणतील आणि विषय संपेल. विचारा, "तो कोणाच्या खोड्या काढतो? आणि ती मुलं नंतर त्याच्याशी खेळतात का?" दर वेळी वेगवेगळी मुलं असतील आणि मधल्या सुट्टीत सगळी एकत्र डबा खात असतील तर निश्चिंत राहा. दर वेळी एकच मूल गिऱ्हाईक होत असेल आणि ते शाळेत यायला नाखूश असेल, तर मात्र शब्द कितीही गोड असला तरी घरी बसून मुलाशी बोला. माझा अनुभव असा की खोडकर मुलांना हे पटकन कळतं. समोरच्याचा चेहरा वाचायची सवय त्यांना असतेच, फक्त तो रडवेला झाला की थांबायचं, एवढंच शिकवावं लागतं.

आता साहेब. चावट हा शब्द लहान मुलाला म्हटला तर त्यात विशेष काही नाही. "गप्प बस रे चावटा" असं जुन्या बायका सहज म्हणतात. पण मोठ्या पुरुषाला, आणि तेही एका स्त्रीनं चारचौघांत म्हटलं, तर अर्थ थेट शृंगाराकडे सरकतो. चावट विनोद म्हणजे जो मुलांसमोर सांगत नाहीत तो. तुमच्या सहकाऱ्यांच्या कानावर असं पडलं की साहेब तुमच्याशी काहीतरी सलगीनं बोलले. म्हणून ते गप्प झाले. तुमच्या मनात तसं काही नव्हतं हे त्यांना एव्हाना कळलं असेल, त्याचं ओझं बाळगू नका.

तुम्हाला हवा होता तो शब्द मिश्कील. मोठ्या, मान असलेल्या माणसाच्या अंगचा खट्याळपणा म्हणजे मिश्कीलपणा. ओठांवर काही दिसत नाही, डोळ्यांत दिसतं. प्राध्यापक मिश्कील असतात, आजोबा मिश्कील असतात, न्यायाधीशसुद्धा मिश्कील हसू शकतात. "सर, तुम्ही फार मिश्कील आहात" हे कुठल्याही साहेबाला आवडेल. सहा वर्षांच्या मुलाला मात्र कोणी मिश्कील म्हणत नाही. त्याच्यासाठी खट्याळ आहे. खट्याळ हा या सगळ्यांत मला सर्वांत आवडणारा शब्द, त्यात तक्रारीचा अंश नावाला. मुलगा, मुलगी, नवी नवरी, कोणालाही शोभतो.

बाकीचे शब्द झटपट सांगते. वात्रटपणा तोंडाचा असतो, उलट उत्तरं देणं, मोठ्यांची नक्कल करणं. वर्तमानपत्रांत येणाऱ्या चिमटे काढणाऱ्या छोट्या कवितांना वात्रटिका म्हणतात ते यावरूनच. तो शब्द वडीलधाऱ्यांना कधीही वापरू नका. आगाऊ तुम्हाला रेल्वेच्या आगाऊ आरक्षणामुळे माहीत असेल, वेळेआधी केलेलं ते आगाऊ. वयाआधी मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालतं ते मूलही आगाऊ, आणि हे कौतुक नाही. अवखळ ओढाही असतो, वाराही असतो, त्याला कोणाला छळायचं नसतं, फक्त स्वस्थ बसवत नाही. व्रात्य हा मुळात संस्कृतात उपनयन न झालेल्याला म्हणत, मराठीत तो ऐकत नसलेल्या पोराला चिकटला. यांतल्या एकाही विशेषणाचं रूप लिंगाप्रमाणे बदलत नाही. खोडकर मुलगा, खोडकर मुलगी, खोडकर मुलं. तुमचं तेवढं काम सोपं.

हिंदीतून येताना एक खड्डा आहे तो सांगायलाच हवा. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा. "मी मराठी बोलण्याची चेष्टा करते" असं म्हणालात तर समोरचा दुखावेल. कोणाची गंमत करायची तर आपल्याकडे फिरकी घेतात, मुंबईत सरळ "खेचतात". पण पाय ओढणं याचा अर्थ वर जाणाऱ्याला मत्सरानं खाली खेचणं, ते मस्करीत बसत नाही.

लोकलमध्ये रोज एकत्र जाणारे लोक बघा. धीम्या गाडीत दादरला उतरणाऱ्या कोणाचा डोळा लागला की दादरच्या आधीचं शीव येताच बाकीचे ओरडतात, "अरे, दादर आलं!" तो दचकून उठतो, रॅकवरची बॅग काढतो, सगळे हसतात, तोही हसतो. ही फिरकी. तो खरंच उतरला आणि बॅग गाडीत राहिली तर तीच मस्करीची कुस्करी. करणारी माणसं तीच, ओरडलेलं वाक्य तेच, पण समोरच्याचं काहीतरी गेलं आणि शब्द पालटला.

शेवटचं, घरी मुलाला काय म्हणायचं. खोडकर हा शब्द आपण मुलाबद्दल इतरांशी बोलताना वापरतो, त्याच्या तोंडावर फारसा नाही. तोंडावर म्हणायला "कुठला" हा शब्द शिका. "खट्याळ कुठला!" "वात्रट कुठली!" या "कुठला"नं कडक शब्दसुद्धा मऊ होतो, सासूबाईंच्या बोलण्यात तो दिवसभर ऐकू येईल. आणि एक लब्बाड आहे. लबाड म्हणजे फसवणारा, तो शिवीच्या जवळ जातो. "ब" जोडून, त्यावर जरा रेंगाळून "लब्बाड!" म्हटलं की तोच शब्द पापा घेण्याइतका लाडका होतो. म्हणताना गाल धरायला हरकत नाही. "ब" मात्र नीट दाबा, कानपुरी घाईत तो एकटा राहिला तर मुलगा खरंच रुसेल.